आर्मस्ट्राँगचा स्पेससूट लोकांना दिसलाच पाहिजे

नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर पाऊल ठेवलं तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ ची सकाळ झाली होती. त्या वेळी त्याच्या अंगात असलेला स्पेससूट आज वॉशिंग्टनला, स्मिथसोनियन संस्थेच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयात आहे. त्याचं पुढे काय करावं यावर बोलणं निघालं की हमखास दोन तट पडतात. एक तट म्हणतो, असा पोशाख पुन्हा होणे नाही. तो थंड, अंधाऱ्या कोठीत ठेवा, कुलूप लावा आणि लोकांना हुबेहूब प्रतिकृती दाखवा, बघणाऱ्याला फरक थोडाच कळणार आहे? दुसरा तट म्हणतो, लोकांच्या करातून झालेली वस्तू लोकांनी बघायची नाही तर कोणी? ठेवा काचेत आणि येऊ द्या माणसं. मला दोन्ही बाजू कच्च्या वाटतात, कारण दोघांनीही त्या पोशाखाकडे नीट पाहिलेलं नाही. माझं म्हणणं असं की मूळ पोशाख लोकांना दिसलाच पाहिजे. पण मंद उजेडात, थंड हवेत, मधूनमधून विश्रांती देत, आणि तो कायम टिकणार नाही हे संग्रहालयाने लोकांना स्पष्ट सांगून.

आधी ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. लांबून पांढरं चिलखत वाटतं, पण त्यात चिलखतासारखं फार थोडं आहे. एकवीस थर आहेत. बाहेरचं पांढरं कापड टेफ्लॉनचा लेप दिलेल्या काचतंतूंचं, म्हणजे आग न लागणारं. आत पातळ चकचकीत प्लास्टिकचे उष्णतारोधक थर, त्याच्या आत हवेचा दाब धरून ठेवणारी रबराची पिशवी आणि खांदा, कोपर, गुडघा इथे वाकता यावं म्हणून घड्या पाडलेले रबराचे सांधे. हे सगळं डेलावेअर राज्यातल्या डोव्हर गावात, ‘प्लेटेक्स’ नावाने बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीत शिवलं गेलं. शिवणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. एलिनॉर फोरेकरसारख्या बायका त्याआधी रोजच्या वापराचे कपडे शिवत होत्या. आता त्यांच्यापुढे असं काम आलं की टाका इंचाच्या चौसष्टाव्या भागाहून जास्त सरकला तर तुकडा बाद. टाचणी चुकून आत राहिली तर रबराला भोक पडणार आणि माणूस जाणार, म्हणून शिवलेल्या थरांचे एक्स-रे काढत. १९६८ साली कंपनीने या पोशाखात एका माणसाला मैदानात उतरवून फुटबॉल खेळायला लावलं आणि त्याचं चित्रीकरण केलं, इतका तो लवचीक होता. आज त्यातल्या एखाद्या पोशाखाचा गुडघा वाकवायला गेलं तर आतलं रबर तडकेल.

कारण हा पोशाख टिकण्यासाठी केलेलाच नव्हता. चंद्रावर अडीच तास चालून माणूस जिवंत परत यावा, एवढीच मागणी होती. काही महिने टिकला की काम झालं. त्यामुळे पन्नास वर्षांनी तो कसा असेल हा विचार ज्यांनी सामान निवडलं त्यांनी केला नाही आणि त्यांनी तो करायचं कारणही नव्हतं. रबर हवेतल्या प्राणवायूने कडक होतं, मग ठिसूळ होतं. प्लास्टिकच्या नळ्यांना मऊ ठेवणारं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं, चिकट डाग पाडतं. त्याच प्लास्टिकमधून आम्लाची वाफ सुटते आणि ती शेजारच्या कापडाला, धातूच्या कड्यांना खाते. म्हणजे हा पोशाख बाहेरून जितका झिजतो त्याहून जास्त आतून झिजतो. शत्रू त्याच्या पोटातच आहे. सारा वाद इथून सुरू व्हायला हवा, तो इथे येतच नाही.

आता कोठीत ठेवा म्हणणाऱ्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. उजेडाने आणि उष्णतेने होणारं नुकसान भरून येत नाही. उजेड गेला की झीज थांबत नसली तरी मंदावते, आणि सतरा अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान व तीस टक्के आर्द्रता राखली तर रबराचं आयुष्य नक्की वाढतं. हे मला पूर्ण मान्य आहे. संग्रहालयाची नवी इमारत १९७६ साली उघडली, त्यानंतर २००६ पर्यंत पोशाख लोकांसमोर उभा होता. त्या काळात उजेडाचं, हवेचं भान आजच्याइतकं नव्हतं, आणि एवढा जड पोशाख उभा ठेवला की त्याचं ओझं खांद्यांवर येतं याचाही पुरेसा विचार होत नव्हता. ‘काचेत ठेवा आणि येऊ द्या’ म्हणणाऱ्यांनी ही तीस वर्षं आठवावीत. २००६ मध्ये तो काढून घेतला हा निर्णय बरोबरच होता.

पण पुढे काय झालं? तेरा वर्षं तो दिसला नाही. २००६ साली शाळेत गेलेलं पोर १९ वर्षांचं झालं तरी त्याला तो पाहता आला नव्हता. आणि कोठीत ठेवला म्हणून रबराने म्हातारं व्हायचं थांबवलं का? नाही. कपाटात घडी करून ठेवलेली पैठणी घडीवरच विरते, तसं साठवणीलाही स्वतःचं नुकसान असतं: आडवा ठेवला तर सांधे दबतात, बंद खोक्यात ठेवला तर त्याचीच आम्लाची वाफ त्याच्याभोवती कोंडून राहते. ‘पुढच्या पिढ्यांसाठी’ हा शब्दप्रयोग ऐकायला उदात्त आहे, पण प्रत्येक पिढीने तोच म्हणत कुलूप लावलं तर ती ‘पुढची पिढी’ कधी येणार? पन्नास वर्षांनी रबर अधिकच ठिसूळ झालेलं असेल, तेव्हाचे अधिकारी म्हणतील, आता तर मुळीच दाखवता येणार नाही. ज्या पिढीच्या नावाने आपण थांबायचं, तिच्या वाट्याला आपल्याहून कमीच येणार आहे. न्यायाचा हिशोब करायचा तर मोजून दाखवण्यातच तो आहे: प्रत्येक पिढीला थोडं, कुणालाच सगळं नाही.

स्मिथसोनियननेच हा मार्ग आधी वापरलेला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रगीताला ज्यावरून प्रेरणा मिळाली तो १८१४ सालचा प्रचंड ध्वज त्यांच्या इतिहास संग्रहालयात आहे. तो ज्या कुटुंबाकडे होता त्यांनी प्रेमापोटी त्याचे तुकडे कापून पाहुण्यांना वाटले. १९१४ साली तो टिकावा म्हणून त्याला तागाचं अस्तर लावलं, सुमारे १७ लाख टाके घालून. हेतू चांगलाच होता. पण नव्वदच्या दशकाच्या शेवटी ते सगळे टाके एकेक करून कापून काढावे लागले, कारण जीर्ण लोकरीला ते सोसेनात. आज तो ध्वज किंचित कललेल्या मंचावर जवळजवळ अंधारात पसरलेला असतो, आणि लोक रांगेने त्याच्यासमोरून जातात. कुणी म्हणालं का, की एवढ्या मंद उजेडात पाहण्यात मजा नाही, त्यापेक्षा नवा छापून लावा? त्या अंधाराची लोकांना सवय झाली, इतकंच नाही, तो अंधार का आहे हेही त्यांना समजलं.

प्रतिकृतीचा मुद्दा मात्र हलक्यात काढू नये. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहा १९४८ साली लोकांसाठी उघडल्या आणि श्वासांच्या बाष्पामुळे आणि शेवाळामुळे भिंतींवरची चित्रं धोक्यात आली म्हणून १९६३ मध्ये बंद कराव्या लागल्या. शेजारी बांधलेली प्रतिकृती १९८३ पासून लोक पाहतात आणि समाधानाने पाहतात. तिथे प्रतिकृती हाच योग्य तोडगा होता, कारण गुहा काचेच्या पेटीत घालता येत नाही. बघणारा आत शिरला की बाष्प आत शिरलंच. स्पेससूटच्या बाबतीत ही अडचण नाही. त्याच्याभोवतीची हवा बघणाऱ्याच्या हवेपासून पूर्ण वेगळी करता येते. लास्कोचं कारण संपलं की लास्कोचा तोडगाही इथे लागू राहत नाही, एवढी साधी गोष्ट आहे.

आणि प्रतिकृतींचा इतिहास आपल्याला महाराष्ट्रातच पाहायला मिळतो. मेजर रॉबर्ट गिलने १८४४ पासून वीसएक वर्षं अजिंठ्यात राहून तिथल्या चित्रांच्या मोठाल्या नकला केल्या. त्या लंडनला पाठवल्या, आणि १८६६ साली तिथल्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बहुतेक जळून गेल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून पुन्हा नकला केल्या. त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. मूळ चित्रं मात्र वाघूर नदीच्या कड्यावर, पडझड सोसत का होईना, अजून आहेत. म्हणजे नकला निरुपयोगी होत्या का? मुळीच नाही. गिल-ग्रिफिथ्सच्या उरलेल्या नकलांमध्ये असे भाग दिसतात जे भिंतीवरून आता गळून गेले आहेत. नक्कल ही साक्षीदार म्हणून अमोल आहे. पण मूळ वस्तूच्या जागी तिला बसवण्याचा प्रस्ताव म्हणजे साक्षीदाराची जबानी घेतली, आता पुरावा बाजूला ठेवला तरी चालेल, असं म्हणणं झालं. नक्कल करणाऱ्याने त्या दिवशी जे पाहिलं तेवढंच नकलेत उतरतं. जे त्याच्या ध्यानात आलं नाही ते नकलेत नसतं, आणि पुढच्या कुणाला ते शोधताही येत नाही.

हाच तर्क त्रिमितीय स्कॅनला लागू होतो. आर्मस्ट्राँगच्या पोशाखाचं असं स्कॅन झालेलं आहे आणि ते उत्तम झालं आहे. आतल्या थरांचे सीटी स्कॅन करून कुठे काय आहे हे कापड न उसवता कळू शकतं. नागपूरच्या शाळेतल्या मुलीला संगणकावर तो पोशाख फिरवून पाहता येतो, ही मोठीच गोष्ट आहे; मी तिच्या आड येणार नाही. पण स्कॅन म्हणजे आकार आणि रंग. त्यात मांडीवर, गुडघ्यावर काचतंतूंच्या विणीत अडकलेली चंद्राची करडी धूळ चित्र म्हणून येते, धूळ म्हणून नाही. ती धूळ झटकायची नाही असं संवर्धकांनी ठरवलं, याचं मला फार समाधान वाटतं. स्वच्छ करून, पांढराशुभ्र करून उभा करा अशी मागणी करणारे लोक होते आणि पुढेही असतील. त्यांना अजिंठ्याचंच उत्तर द्यावं लागेल. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून जाणकार बोलावले. त्यांनी सुटलेले पोपडे बसवले, त्याने चित्रं वाचली हे खरं. पण रंग उजळावेत म्हणून वर लाखेचा जो थर चढवला तो पुढे पिवळा पडला, त्याने धूळ धरली, आणि नंतरच्या संवर्धकांची कित्येक वर्षं तो थर काढण्यात गेली. मूळ वस्तूला ‘चांगलं दिसायला’ लावणं हा जपण्याचा सगळ्यात धोकादायक प्रकार आहे.

इथे कुणी विचारेल, मग जुनं रबर काढून नवं का घालू नये? २०१९ मध्ये स्पेससूट पुन्हा लोकांसमोर आला तेव्हा तो राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाजवळ ठेवला होता, आणि त्या विमानावरचं कापड मूळचं नाही. १९२७ साली एकदा आणि १९८५ साली पुन्हा ते बदललेलं आहे. मूळ कापडाचा एक तुकडा तर आर्मस्ट्राँग स्वतः चंद्रावर घेऊन गेला होता. विमानाचं कापड बदललं म्हणून ते खोटं झालं का? नाही, कारण विमानाचा जीव सांगाड्यात, पंखांच्या वळणात, पंख्यात आणि इंजिनात आहे; कापड ही झिजणारी, बदलायचीच गोष्ट होती आणि १९२७ साली तर ऑरव्हिल राइटने स्वतःच ती बदलली. स्पेससूटला सांगाडा नाही. रबर, कापड आणि टाके हीच वस्तू. ती बदलत गेलं तर शेवटी आर्मस्ट्राँगच्या नावाची पट्टी लावलेला नवा पोशाख उरेल, म्हणजे पुन्हा प्रतिकृतीच.

मूळ पोशाखात असं काय आहे जे प्रतिकृतीत येत नाही? डाव्या हातमोज्याच्या मनगटावर चंद्रावर करायच्या कामांची यादी शिवलेली आहे. हातमोज्याच्या बोटांची टोकं निळ्या सिलिकॉनची आहेत आणि तळहाताला पोलादी तारांनी विणलेलं कापड आहे, धारदार खडकाने फाटू नये म्हणून. आणि एक गोष्ट तिथे नाही, ती तितकीच महत्त्वाची आहे: चंद्रावर बाहेरून चढवलेले बूट आणि पाठीवरचं प्राणवायूचं यंत्र. परतताना वजन कमी करायला आर्मस्ट्राँग आणि त्याच्यासोबत उतरलेला बझ ऑल्ड्रिन या दोघांनीही ती चंद्रावरच टाकली. प्रतिकृती करणारा बहुधा हौसेने बूट घालेल, कारण लोकांना ते ठसे उमटवणारे बूट हवे असतात. मूळ पोशाख मात्र खरं सांगतो की ते बूट इथे नाहीत, चंद्रावर आहेत. सर्वांनी पाहिलेलं ते बुटाच्या ठशाचं छायाचित्र तर आर्मस्ट्राँगच्या नव्हे, ऑल्ड्रिनच्या बुटाचं आहे. खरी वस्तू समोर असली की असे गैरसमज टिकत नाहीत.

पैशाचा आक्षेप उरतो. २० जुलै २०१५ रोजी संग्रहालयाने लोकांकडे पाच लाख डॉलर मागितले. सरकारी तरतुदीतून इमारत चालते, पगार होतात. अशा कामाला त्यातून पैसा निघत नव्हता. सरकारी संस्थेने हात पसरावा का, हा प्रश्न रास्त आहे. राष्ट्रीय ठेवा असेल तर त्याचा खर्च राष्ट्राने करावा, याबद्दल माझं दुमत नाही, आणि वर्गणीवर जे चालतं ते लोकप्रिय वस्तूंपुरतंच चालतं, ही भीतीही खरी आहे. चंद्रावर गेलेल्या पोशाखाला पैसे मिळतात, एखाद्या अनामिक उपकरणाला मिळणार नाहीत. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. आठवडाभरात पाच लाख जमले, पुढे आकडा सात लाखांवर गेला, अंतराळात गेलेला पहिला अमेरिकन अॅलन शेपर्ड याच्या पोशाखाचंही काम त्यात धरता आलं. देणारे सव्वानऊ हजारांहून जास्त लोक होते. त्यांना काय कबूल केलं होतं? पोशाख पुन्हा पाहायला मिळेल हे. कोठीत अधिक चांगलं कुलूप लावण्यासाठी एवढे लोक पुढे आले असते का? आतून मोकळी हवा खेळेल, ओझं एका जागी येणार नाही अशा बेताचा खास आधार, नियंत्रित हवेची पेटी, स्कॅन, रसायनांचा अभ्यास हे सगळं तो दाखवायचा ठरला म्हणून झालं. दाखवण्याच्या इच्छेनेच जपण्याला पैसा दिला. १६ जुलै २०१९ रोजी, उड्डाणाला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, पोशाख पुन्हा लोकांसमोर आला.

आणि ही एका माणसाची पूजा नाही का? ज्यांना असं वाटतं त्यांना मी डोव्हरच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे नेईन. छातीवर नाव एकाचं आहे, पण पेटीजवळ जाऊन शिवणी पाहिल्या तर तिथे कितीतरी जणींचे हात आहेत. अपोलो मोहिमेच्या कथांमध्ये अभियंते, वैमानिक, राष्ट्राध्यक्ष सगळे आले. या बायकांकडे लक्ष जायला कित्येक दशकं लागली. त्यांच्या कामाचा पुरावा कोणत्या अहवालात आहे? तो या पोशाखाच्या प्रत्येक शिवणीत आहे. हा पोशाख कोठीत गेला तर आर्मस्ट्राँग काही विसरला जाणार नाही, त्याची छायाचित्रं घराघरात आहेत. विसरल्या जातील त्या बायका.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही, म्हणून मराठीत लिहिणं भाग आहे. राकेश शर्मा १९८४ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएत ‘सोयूझ’ यानातून अंतराळात गेले आणि आठवड्याने परतले. त्यांचा पोशाख आणि त्यांना परत आणणारी कुपी दिल्लीच्या नेहरू तारांगणात लोकांनी पाहिली आहे. त्या पोशाखातही रबराचा थर आहे, आणि रबराला देश कळत नाही. त्या पोशाखाची आज काय स्थिती आहे, दर वर्षी त्याची पाहणी होते का, किती उजेड त्याच्यावर पडतो, हे लोकांना कळायला हवं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे स्वतःचं संवर्धन केंद्र आहे. देशात जाणकार नाहीत अशी सबब चालणार नाही. आणि गगनयानचे पोशाख तर आता तयार होत आहेत. इथे अमेरिकेला जे सुचलं नाही ते आपल्याला आधीच करता येईल. वापरलेल्या प्रत्येक रबराचा, कापडाचा, गोंदाचा एकेक तुकडा पहिल्या दिवशीच बंद डब्यात बाजूला ठेवायचा, म्हणजे वीस वर्षांनी काय बदललं हे मूळ पोशाखाला हात न लावता तपासता येईल. शिवणाऱ्या आणि जोडणाऱ्या माणसांना त्यांच्या हयातीत बोलतं करायचं, नावानिशी नोंदवायचं. आणि पोशाख वर्षातून किती महिने दिसेल, किती महिने विसावेल, हे वेळापत्रक पेटीशेजारीच लावायचं. हे तीनही निर्णय उड्डाणाच्या आधी, अंतराळ विभागाने आणि एखाद्या संग्रहालयाने एकत्र बसून घ्यायला हवेत.